अंडं, आतडं आणि जात

फेब्रुवारी 2025 मधली दुपार. गुम्मिडिपूंडीच्या बालवाडीतून मी माझ्या तीन वर्षांच्या मुलाला घरी आणत होते. शर्टावर पिवळं सांडलेलं. विचारलं, काय खाल्लंस? म्हणाला, "मुट्टै." तमिळमध्ये अंडं. अंडं हा मराठी शब्द त्याला अजून नीट येत नाही. पण ते आपल्याला मिळायचंच, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ज्या दिवशी नसतं त्या दिवशी तो तिथल्या अक्कांना विचारतो, आज का नाही?

त्याच संध्याकाळी परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून भाचीचा फोन आला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत शिकते. "आत्या, आमच्या शाळेत अंडं बंद झालं. गुरुजी म्हणले, आता गावानं पैसे दिले तरच."

एकाच घरातली दोन लेकरं. एक परक्या राज्यात स्थलांतरित कामगाराचं पोर म्हणून हक्कानं अंडं खातं. दुसरं फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्यात, स्वतःच्या गावात, गावानं वर्गणी द्यायची वाट बघतं. हा लेख त्या फोनमुळे लिहिते आहे.

आधी माझ्याबद्दल. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. नांदेडला बी.एस्सी. केलं, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. चेन्नई सेंट्रलहून उत्तरेला सुटणाऱ्या बऱ्याच लोकल जिथे संपतात, आंध्रच्या हद्दीला लागून, ते गुम्मिडिपूंडी. इथे सिपकॉटची मोठी औद्योगिक वसाहत आहे. नवरा लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये, मी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर. माझं काम पाण्याचे नमुने तपासायचं. मॅक्काँकीच्या बशीवर गुलाबी ठिपके उगवले की समजायचं, पाण्यात विष्ठेतले जंतू असू शकतात, पुढची तपासणी करा. मालात जाणारं पाणी रोज तपासलं जातं. आम्ही भाड्यानं राहतो त्या लाइनीतल्या नळाचं पाणी कुणीच तपासत नाही. एकदा मीच गुपचूप तपासलं. बशी गुलाबी झाली.

त्यामुळे सध्या वर्तमानपत्रांत, मोबाइलवर जिकडेतिकडे "पोटातले चांगले जंतू" हा विषय दिसतो तेव्हा मी थांबून वाचते. आणि दर वेळी राग येतो. कारण हे शास्त्र आपल्या लेकरांच्या बाजूनं बोलतंय आणि विकलं मात्र दुसऱ्याच कुणाला जातंय.

शास्त्र काय म्हणतं ते आधी साध्या भाषेत बघू. मूल जन्माला येतानाच जंतूंची वस्ती त्याच्या आतड्यात यायला लागते. काही बाळंतवाटेतून, काही आईच्या त्वचेवरून, काही दुधातून. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्ध पदार्थांच्या खालोखाल जो घन भाग असतो, तो अशा साखरांचा, ज्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कुणासाठी? त्या बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो जातीच्या जंतूंचं खाद्य आहेत. हे जंतू त्या साखरा खाऊन आम्ल तयार करतात आणि रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. म्हणजे आई दोघांना पाजते, बाळाला आणि बाळाच्या राखणदारांना. पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळा चीक तर रोगप्रतिकारक द्रव्यांनी भरलेला असतो. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की नव्या प्रकारचे जंतू येतात, आणि साधारण तीन वर्षांपर्यंत ही वस्ती मोठ्या माणसासारखी होते.

ढाक्यातले आणि अमेरिकेतल्या सेंट लुइसचे संशोधक मिळून यावर बरीच वर्षं काम करत आहेत. 2014 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की तीव्र कुपोषित मुलांच्या आतड्यातली जंतूंची वस्ती त्यांच्या वयाच्या मानानं लहान राहते. मूल दीड वर्षाचं, पोटातली वस्ती मात्र त्याहून कितीतरी कोवळ्या बाळाची. नेहमीचा उपचाराचा आहार देऊनही ती पुरती सावरत नाही. मग त्यांनी हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांचं पीठ मुख्य धरून एक आहार बनवला. ढाक्याच्या मीरपूर झोपडपट्टीतल्या 12 ते 18 महिन्यांच्या मुलांवर त्याची चाचणी झाली, तिचे निकाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तयार पाकिटातल्या आहारापेक्षा यात उष्मांक कमी होते, तरी वजन जास्त चांगलं वाढलं. म्हणजे पोट नुसतं भरून भागत नाही. पोटात काय पडतं आणि ते कुणाला पोसतं, हेही महत्त्वाचं.

आता माझा मुद्दा. जंतू जात पाळत नाहीत. पण कुठले जंतू कुठल्या लेकराच्या आतड्यात पोचतील आणि त्यांना काय खायला मिळेल, हे या देशात बऱ्याच प्रमाणात जात ठरवते. तीन दारांतून ती आत शिरते: आईचं दूध, वस्तीचं पाणी आणि शाळेचं ताट.

पहिलं दार दुधाचं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, असं सगळे डॉक्टर सांगतात. 2017 पासून कायद्यानं बाळंतपणाची रजाही 26 आठवड्यांची झाली. हिशेब बरोबर जुळतो. पण तो कुणासाठी? माझं कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवं होतं. पोटुशी असताना ते संपलं आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर नवं मिळालं. रजा कुणी द्यायची, ठेकेदारानं की कारखान्यानं, हा प्रश्नच त्यांनी उरू दिला नाही. मी कामावर गेले आणि घरात दुधाच्या पावडरीचा डबा आला. आमच्या मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं तर विचारूच नका. कोपीत बाळंत व्हायचं आणि काही दिवसांत पुन्हा मोळ्या उचलायच्या. बाळ फडाच्या कडेला. इथल्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर ओडिशातून येणाऱ्या बायांचंही तेच.

आणि आपल्याला सल्ला काय मिळतो? "स्तनपानाचं महत्त्व समजून घ्या." आम्हाला महत्त्व समजलंय. रजा पाहिजे. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडलं होतं की आईला या काळात विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनंही उचलला पाहिजे. पुढच्या वर्षी, 1929 मध्ये, तो कायदा झाला. जवळपास शंभर वर्षं होत आली. दुधातल्या साखरांचं शास्त्र आता कळलं, पण कामकरी बाईच्या रजेचं म्हणणं आपल्या माणसानं तेव्हाच मांडलं होतं.

दुसरं दार पाण्याचं. आतड्याच्या आत बोटांसारखे असंख्य बारीक कोंब असतात. अन्न तिथून शोषलं जातं. मूल रोज थोडी थोडी घाण पोटात घेत राहिलं तर हे कोंब झिजून आखूड होतात, आतड्याची भिंत गळकी होते. जुलाब दिसत नाहीत, ताप नाही. मूल खातं, पण अंगी लागत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दक्षिणेतल्या गोरगरिबांच्या आतड्यांच्या या विकारावर कित्येक दशकं अभ्यास झाला आहे. माय म्हणायची, "खातंय पण अंगी लागंना." तिच्या या वाक्यात तो सगळा विकार आला.

घाण कुणाच्या पाण्यात जाते? गाव वरच्या अंगाला, वस्ती खालच्या अंगाला. नळाची लाइन गावात संपते, गटाराची लाइन वस्तीत. आणि हे नुसतं दुर्लक्ष नसतं. डिसेंबर 2022 मध्ये याच तमिळनाडूत, पुदुकोट्टई जिल्ह्यातल्या वेंगैवयल गावात दलित वस्तीतली लेकरं आजारी पडायला लागली. पाणी बघा, असं सांगितलं गेलं. लोक टाकीवर चढले तर आत माणसाची विष्ठा. दोन वर्षांनी पोलिसांनी आरोपपत्र ठेवलं ते त्याच वस्तीतल्या तिघांवर, आणि वस्तीला ते मान्य नाही. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली बाई म्हणून एवढंच म्हणते: त्या टाकीतलं पाणी लेकरांच्या आतड्यापर्यंत पोचलं होतं.

आणि महाड? 20 मार्च 1927 ला आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर तळं "शुद्ध" करायला त्यात दही, दूध, शेण आणि गोमूत्र भरलेल्या घागरी बुडवल्या गेल्या. माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी शेणानं शुद्ध! माझ्या प्रयोगशाळेत असा नमुना कुणी आणला तर बशी बघायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचीही गरज पडणार नाही. शुद्ध-अशुद्ध आणि स्वच्छ-अस्वच्छ हे दोन वेगळे हिशेब आहेत. या देशानं हजारो वर्षं पहिला हिशेब ठेवला, म्हणून दुसरा चुकला.

आता इथे कुणीतरी म्हणेल, आयांना हात धुवायला शिकवा. शिकवा, जरूर. पण बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमध्ये हजारो कुटुंबांना संडास, साबण, पाणी शुद्ध करायचं औषध देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. 2018-19 च्या सुमारास निकाल आले. तेवढ्यानं मुलांची उंची वाढली नाही. आहार दिला तिथे थोडी वाढली. याचा अर्थ स्वच्छता निरुपयोगी आहे असा नाही. अर्थ असा की प्रत्येक घराला एक साबणाची वडी देऊन वस्तीची घाण हटत नाही. वस्तीला नळ, गटार, पक्के रस्ते, म्हणजे गावाला जे आहे तेच, द्यावं लागतं. ते सरकारचं काम. ते न करता आमच्या बायांना हात धुवायचं व्याख्यान देणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे.

तिसरं दार ताटाचं. आणि इथे तमिळनाडूचा इतिहास आपण पाठ केला पाहिजे. 1920 मध्ये मद्रासच्या महापालिकेनं, जस्टिस पक्षाच्या काळात, थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं. 1956 मध्ये कामराजांनी ते राज्यभर नेलं. 1982 मध्ये एम.जी.आर. यांनी त्याची मोठी पोषण योजना केली. 1989 मध्ये करुणानिधींनी ताटात अंडं आणलं. सुरुवातीला पंधरवड्याला एक होतं, 2010 पासून शाळेत आठवड्याला पाच झालं. न खाणाऱ्याला केळं. 2022 पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष आलटून पालटून सत्तेवर आले, पण कुणी अंडं काढलं नाही. कारण ब्राह्मणेतर चळवळीनं तिथे एक गोष्ट ठरवून टाकली आहे: लेकराच्या ताटात काय असावं हे सोवळं ठरवणार नाही.

महाराष्ट्रात काय झालं? नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरलं. आठवड्यातून फक्त एक. त्यावरही धार्मिक मंडळींनी गदारोळ केला. जानेवारी 2025 मध्ये शासन निर्णय आला: अंड्यासाठी सरकार वेगळा निधी देणार नाही, शाळांनी हवं तर लोकसहभागातून बघावं. लोकसहभाग! ज्या गावात वस्तीचा नळ गावाच्या मर्जीवर चालतो, तिथे वस्तीच्या लेकराचं अंडंही गावाच्या मर्जीवर. हक्काचं रूपांतर भिक्षेत कसं करायचं हे या व्यवस्थेला कुणी शिकवायला नको.

अंडं म्हणजे जादू नाही, हेही सांगते. इक्वेडोरमध्ये 2017 ला प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, आणि खुरटलेल्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलं. मलावीत तसाच प्रयोग केला तर फारसा फरक दिसला नाही. तिथल्या बाळांना मासळी आधीच मिळत होती. म्हणजे ज्यांच्या ताटात प्राणिज अन्न नाही, त्यांना अंड्यानं जास्त फरक पडतो असं दिसतं. आपल्या लेकरांच्या ताटात काय आहे? वजरी आणि चान्या आपल्या आज्यांनी शिजवल्या. पोटभर प्रथिनं, लोह, बी-12, आणि सगळ्यात स्वस्त. 2015 च्या कायद्यानं बैलाचं मांसही गेलं. डाळ महाग, दूध चहापुरतं. आता अंडंही नको म्हणता, मग लेकरानं खायचं काय, संस्कार?

ढाक्याच्या आहारात तर हरभरा आणि शेंगदाणेच होते, मग अंडं कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर सोपं आहे. हरभरा द्या, शेंगदाणे द्या, केळी द्या आणि अंडंही द्या. आपण डाळीच्या विरोधात नाही. त्या आहारातसुद्धा जीवनसत्त्वं आणि खनिजं वेगळी मिसळावी लागली होती. आणि आपल्याकडे अंडं काढणाऱ्यांनी त्या जागी काय ठेवलं ते बघा. ढाक्याचं पीठ ठेवलेलं नाही.

आकडे बोलके आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची वाढ खुंटलेली मुलं महाराष्ट्रात दर शंभरांत 35, तमिळनाडूत 25. देशभरात आदिवासींमध्ये सुमारे 41, अनुसूचित जातींमध्ये 39, आणि आरक्षित प्रवर्गांत न येणाऱ्यांत 30 च्या आसपास. दोन राज्यांतला फरक नुसत्या अंड्यामुळे पडला असं मी म्हणणार नाही. दवाखाने, रस्ते, मुलींचं शिक्षण, सगळ्यांचा वाटा आहे. पण जातींमधला फरक कुठल्या जंतूमुळे पडला ते मला सांगा.

तमिळनाडू स्वर्ग नाही. 2018 मध्ये तिरुप्पूर जिल्ह्यात शाळेत स्वयंपाक करणारी बाई दलित आहे म्हणून गावानं तिला हटवायला लावलं होतं. वेंगैवयल तर वर सांगितलंच. पण अंडं द्यायचं की नाही, हा वाद इथे उरलेला नाही. लढाईचा एक टप्पा जिंकलेला आहे. आपल्याकडे जिंकलेलाही परत हिसकावला गेला.

आता बाजार. पावडरीवर वाढलेल्या माझ्या पोराला जुलाब लागले तेव्हा एका खासगी दवाखान्यात "चांगल्या जंतूंचे" थेंब लिहून दिले. माझ्या दोन दिवसांच्या हजेरीएवढे पैसे गेले. मी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर, तरी मुकाट्यानं घेतले. शिकलेली आई आहे ना, मग भारी औषध द्यायला हवं! नंतर वाचलं. अमेरिकेत आणि कॅनडात जुलाब-उलटी झालेल्या लहान मुलांवर अशा औषधांच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, 2018 मध्ये निकाल आले, काहीच फायदा दिसला नाही. क्षारसंजीवनी आणि झिंक हाच खरा उपाय, आणि तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. काही ठिकाणी जंतू देऊन फायदा झालाही आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत (2017) जंतुसंसर्ग आणि मृत्यू कमी झाले. पण तो एक नेमका जंतू, नेमक्या मात्रेत, स्तनपान करणाऱ्या बाळांना दिलेला. दुकानातली प्रत्येक बाटली म्हणजे ओडिशाचा प्रयोग नव्हे.

शास्त्र असं वाटलं जातं. वरच्यांच्या लेकरांना थेंब, बाटल्या, "सात्त्विक आहार". आपल्या लेकरांना व्याख्यान.

आणि मित्रमैत्रिणींनो, थोडं आपल्याबद्दलही. आपण पदव्या घेतल्या, शहरात आलो. घर भाड्यानं मिळावं म्हणून "आम्ही व्हेज" असं खोटं सांगितलं. मीही सांगितलंय. मुलाच्या डब्यात अंडं द्यायला लाजलो, बिस्किटाचा पुडा दिला. मायनं ज्वारीची आंबील पाठवली तर तिला म्हटलं, "हे काय देतेस?" आणि बाजारातून रंगीत डबा आणला. ही लाज आपली नाही, आपल्यावर लादलेली आहे. आपण ती लेकरांच्या पोटात उतरवू नये.

काय करायचं? गावाच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात, त्यांना अंड्याचा ठराव करायला सांगा, आणि तो वर्गणीसाठी नको, निधी परत द्या म्हणून शासनाला पाठवायला लावा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा, वस्तीच्या गटारापासून सुरुवात करा. वस्तीचं पाणी तपासून घ्या आणि तो कागद सर्वांसमोर वाचा. आपल्यातले जे सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, नर्सिंग शिकलेत त्यांनी मराठीत लिहा, नाहीतर आपल्या पोटाबद्दल दुसरेच लिहितील.

भाचीला मी काय सांगितलं? तिनं विचारलं, "आत्या, मग गावानं पैसे दिले नाहीत तर?" मी म्हटलं, बाळ, गावाकडं मागायचंच नाही. ते तुझं आहे. अर्ज कसा लिहायचा ते मी सांगते, तू लिही. तिनं चौथीच्या अक्षरात अर्ज लिहिला, भावानं त्यावर सही केली आणि वस्तीतल्या अकरा पालकांच्या सह्या घेतल्या. उत्तर अजून आलेलं नाही. दुसरा अर्ज या महिन्यात जातोय.

जय भीम.